आवडीचं जुवं

बांधावर असे थोडे पुढे या. पायाखाली बघून चाला, कडेची माती ओली आहे. हं, आता समोर बघा. खाडीच्या पाण्यात ती हिरवी कमान दिसते ना, विळ्याच्या पात्यासारखी वाकलेली, ते आमचं जुवं. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवं म्हणतात. त्याचं एक टोक त्या काळ्या कातळाजवळ आहे, दुसरं देवळाखालच्या पायऱ्यांच्या घाटासमोर, आणि मधला सगळा बाक बरोबर आपल्या बांधाच्या पुढ्यात.

समुद्राचं तोंड त्या अंगाला. उधाणाच्या लाटा तिकडून येतात, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांच्या मुळांत शिरतात, दमतात, आणि बांधापाशी पोचेपर्यंत त्यांचं नुसतं पाणी झालेलं असतं. त्या जुव्यावर वस्ती नाही. तिथल्या तिवराची काटकीसुद्धा कुणी सरपणाला आणत नाही, मग घरात लग्नाचा स्वयंपाक असो की चूल विझायला आलेली असो. खाडी इथून पार घाटाच्या पायथ्यापर्यंत जाते, पण बांधासमोर असं पहारा दिल्यासारखं उभं राहिलेलं जुवं दुसऱ्या कुठल्या गावाला नाही. बाहेरचे लोक विचारतात, हे कुणी बांधलं? आमच्या आडखार गावात असं सांगतात की ते एका बाईनं बांधलं. आणि बांधत होती तेव्हा आपण काय बांधतोय, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तिचं नाव आवडी.

किती वर्षं झाली ते कुणाला सांगता येणार नाही. देवळावर तेव्हा गवताचं छप्पर होतं म्हणे, एवढंच ठाऊक. गाव मात्र असाच होता. वर तांबड्या मातीचा डोंगर, डोंगराच्या पोटाशी घरं, घरांच्या खाली भाताची खाचरं, आणि खाचरं नि खाडी यांच्या मधे हा बांध. अलीकडे गोडं पाणी, पलीकडे खारं. बांध आहे म्हणून भात, आणि भात आहे म्हणून गाव. खारं पाणी एकदा आत आलं की नुसतं ते पीक जात नाही. मीठ जमिनीत बसतं, आणि घरात शिरलेल्या दुखण्यासारखं वर्षानुवर्षं उठत नाही.

आवडी घाटाच्या पायथ्याची. लग्न होऊन आली तोवर तिनं समुद्राचं पाणी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा भरती चढताना पाहिली तेव्हा ती बांधावरून मागे पळाली, आणि तिचा नवरा धाकू हसला. "भिया नको," तो म्हणाला, "ता येता तसा जाता." धाकू बांधाचा माणूस होता. त्याचा बाप सोमा हाही बांधाचाच माणूस. कुठे खेकड्यानं बीळ केलंय, कुठली माती बसलीय, हे बापलेक पायाच्या तळव्यानं ओळखत. गावकऱ्यांनी बांधाची राखण त्यांच्यावर सोपवली होती. घरात तिघंच. पाळणा अजून हलायचा होता.

मग एका भाद्रपदात अवसेचं उधाण आणि वादळ एकाच दिवशी आलं. भर दुपारी आभाळ काळं झालं. सगळा गाव बांधावर धावला. तिथे, त्या वळणापाशी बांधाला भेग पडली. धाकूनं पेंढ्याचे भारे घेतले आणि तो भेगेत उतरला. वरून सोमा खुंट ठोकत होता. भेग बुजत आली, असं वाटलं, आणि तेवढ्यात सबंध वळण एकदम खचलं. खुंटाचं लाकूड सोमाच्या पायावर आलं. धाकू पाण्यात गेला.

आवडी भाऱ्याचं दुसरं टोक धरून उभी होती. तिच्या हातात नुसता पेंढा राहिला.

धाकू सापडला तो सुकतीला, म्हणजे ओहोटीला, काळ्या कातळाशी. त्याला वर डोंगरावर नेऊन अग्नी दिला. सोमाचा पाय गेला, आणि पायाबरोबर त्याचं बोलणंही गेलं. दाराशी बसायचा, खाडीकडे बघायचा. आवडी पुढ्यात भाकरी ठेवायची, तो खायचा. ती बोलायची, तो नाही.

गावानं बांध पुन्हा घातला. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटला. त्याच्या पुढच्या वर्षीही फुटला. खाचरं पांढरी पडली. विहिरींचं पाणी मचूळ झालं. गुरं सुकली. शेवटी बाबाजी गावकार, म्हणजे गावातला मानाचा माणूस, त्यानं सांगितलं, आता देवाला विचारू.

देवाला विचारण्याची आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली की एक उत्तर, डावी पडली की दुसरं. त्या दिवशी पुनाजी गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं: रवळनाथा, तुझी लेकरं हैराण झाली. गाव राखायचा असेल तर उजवी दे. सोडायचा असेल तर डावी दे.

सकाळची दुपार झाली. पाकळी पडेना. दुपारची सांज झाली. बायका देवळाबाहेर बसून कंटाळल्या, पोरं रडून झोपली. दुसऱ्या दिवशी नव्या पाकळ्या लावल्या. तेच. ना उजवी, ना डावी.

बाबाजी गावकार उठला. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. म्हणाला, "देव बोलणा नाय. देवानच गाव सोडल्यान. आता आमी रवान काय करतलंव?"

 आवडी बायकांच्या मागे खांबाला टेकून उभी होती. पुरुषांच्या बैठकीत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"गावकारानु," ती म्हणाली, "माझो सासरो दिसान्‌दिस बोलणा नाय. म्हणान तो घरात नाय, असा मी म्हणू काय?"

लोक वळून बघायला लागले. बाबाजी तिच्याकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बाये, सासऱ्याक भाकरी तरी लागता. देवाक आमचा काय लागता?"

 आवडी मान खाली घालून घरी गेली.

गाव उठला. एकेक घर करत लोक होड्यांत भांडीकुंडी घालून खाडीच्या वरच्या अंगाच्या गावांत गेले. कुणी सोयऱ्यांकडे, कुणी दुसऱ्याच्या जमिनीवर. शेवटी पुनाजी गुरवही गेला. देव जड, जमिनीत रुतलेला, तो नेता येईना. गुरवानं उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि तो मागे न बघता होडीत बसला. राहिली दोन माणसं. सोमानं जायला नकार दिला. दोन वर्षांनी तो पहिल्यांदा बोलला, ते मुलाची आठवण काढत एवढंच, "मी खय येऊचंय नाय. माझो झील हय आसा. तू जा."

आवडी गेली नाही. म्हाताऱ्याला टाकून जाववेना, हे एक. पण मनातून ती संतापलीही होती, असं सांगतात. गावावर नाही, देवावर. ज्या भेगेत आपला माणूस गेला ती भेग तशीच उघडी टाकून सगळे निघून गेले. याचा अर्थ धाकू फुकट गेला, असंच ना? आणि देवाला त्यावर एक पाकळी टाकावीशी वाटली नाही?

एका सकाळी ती तरातरा देवळात गेली. भांडायलाच गेली होती. आत पाला पडला होता, उंबऱ्यावर वाळवी चढली होती. तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर देवाच्या खांद्यांकडे गेली.

पाकळ्या तिथेच होत्या. गुरवानं शेवटच्या दिवशी लावलेल्या. सुकून पापडासारख्या झाल्या होत्या, पण सुटल्या नव्हत्या. वारा दारातून सरळ आत येत होता, आणि दोन्ही खांद्यांवर दोन्ही पाकळ्या तशाच.

आवडी बघत राहिली. देवानं 'राहा' म्हटलं नव्हतं, खरं. 'जा' असंही म्हटलं नव्हतं. पण जे त्याच्या अंगावर ठेवलं होतं, ते त्यानं टाकलेलं नव्हतं. सगळे निघून गेल्यावरही नाही.

भांडण तिच्या ओठांवरच राहिलं. ती खाली बसली आणि खूप वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "बोलू नको. मी काय एक विचारणंय नाय. तू हय आसस, माका पुरे."

तिनं पदर खोचला, देऊळ झाडलं, आणि तिथून ती थेट घरी गेली नाही. डोंगराच्या कडेला गेली, पाटी तांबड्या मातीनं भरली, डोक्यावर घेतली आणि बांधाच्या त्या वळणावर, जिथे आता नुसती खिंड होती आणि पाणी आत-बाहेर करत होतं, तिथे नेऊन ओतली.

पाटीभर मातीनं काय होणार! पाणी लाल झालं, आणि भरती आली तेव्हा ते पुन्हा होतं तसं झालं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

असा तिचा नेम झाला. सुकती लागली की आवडी डोंगर ते खिंड, खिंड ते डोंगर. भरती लागली की पोटापाण्याचं बघायचं. डोंगराच्या उतारावर तिनं थोडी नाचणी केली होती. कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडायची, रानातले कणगीचे कंद खणायचे. त्यावर दोघांचं भागायचं. सकाळी देवळात जायचं, देवाच्या पायांवर पाणी घालायचं, झाडायचं. मागायचं काही नाही. शब्द दिला होता ना, विचारणार नाही म्हणून.

सोमा दारातून हे बघायचा. एक दिवस तिनं पाटी खाली ठेवली तेव्हा तो कडवट आवाजात म्हणाला, "माती न्हय गो ती. तू आपले दिस टाकतंस खाडीत."

आवडीनं घाम पुसला. "दिस काय बाबानु, असेय जातले नि तसेय जातले. हय टाकले तर खय टाकले ता तरी माका ठाऊक."

 दुसऱ्या दिवशी ती खिंडीवर पोचली, आणि मागे वळून बघते तो सोमा ढुंगणावर सरपटत, हातात कोयता घेऊन बांधावर येत होता. कडेला बसला. माडाच्या झावळ्या विणून तट्टे करू लागला, खुंट तासू लागला. नुसती माती पाणी नेतं, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मातीच्या आड तट्टा हवा, तट्ट्याला खुंट हवा. तो सांगायचा, ती ठोकायची. त्या उन्हाळ्यात खिंड निम्मी भरली.

आणि पावसाळ्यात सगळी गेली.

थोडीशी नाही, सगळी. आषाढाच्या उधाणात एका दुपारी, दोघांच्या डोळ्यांसमोर, खुंट काडीसारखे उपटले गेले, तट्टे तरंगत खाडीत गेले, आणि सबंध उन्हाळ्याची तांबडी माती पाण्यात पसरत पसरत दूर गेली. आवडी पावसात उभी राहून बघत होती. तिला धाकू गेला ती दुपार आठवली. हातात नुसता पेंढा राहिला होता, ते आठवलं.

याच सुमाराला तिचा भाऊ केसू तिला न्यायला आला. बहिणीकडे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हात फाटलेले, मान पाटीच्या ओझ्यानं वाकडी झालेली. "चल," तो म्हणाला. "म्हाताऱ्याक पण नेऊया. हय तुझा आता कोण आसा?"

 आवडीनं लुगड्याचं गाठोडं बांधायला घेतलं. ती खरंच निघाली होती, हे आमच्याकडे कुणी लपवत नाही. तिचा धीर सुटला होता. मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, तर माझं होतं तेवढंही नेलंस, असं ती गाठोडं बांधता बांधता देवाला मनात म्हणत होती.

तेव्हा सोमानं हाक मारली. "बाय," तो म्हणाला, "जाण्याआधी माका एकदा देवळात ने."

धाकू गेल्यापासून सोमा देवळाची पायरी चढला नव्हता. आवडीनं त्याला पाठुंगळी घेतलं. चिखलातून, पावसातून ती म्हाताऱ्याला घेऊन वर गेली आणि देवापुढे तिनं त्याला उतरवलं. सोमानं वर बघितलं. त्याला त्या पाकळ्या दिसल्या. आवडीनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं बोट दाखवलं, तिनं नुसती मान हलवली.

आणि इतक्या वर्षांत न रडलेला सोमा तिथे रडला. बैल हंबरतो तसा रडला, म्हणे. मुलाचं नाव घेऊन रडला. आवडी त्याच्या शेजारी बसली, आणि आजवर घरात दोघांनी एकमेकांपासून लपवून ठेवलेलं सगळं दोघांनी मिळून देवापुढे ओतलं. केसू दारात उभा होता. त्यालाही हुंदका आवरला नाही. देव बोलला नाही. पण रडून झाल्यावर आवडीला वाटलं, आपल्या अंगावरचं काहीतरी कुणीतरी हलकेच उचलून घेतलंय. दुःख गेलं नव्हतं. ते आता ती एकटी वाहत नव्हती, एवढंच.

सोमानं डोळे पुसले. बराच वेळ तो खाडीचा आवाज ऐकत होता. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "उद्या सुकती सकाळची आसा."

आवडीनं त्याच्याकडे बघितलं. घरी येऊन तिनं गाठोडं सोडलं. केसू एकटा परत गेला, जाताना आपली नवी कुदळ मात्र बहिणीजवळ ठेवून गेला.

पुढच्या उन्हाळ्यातही तेच काम, आणि पुढच्या पावसात तीच गत. आवडी आता रडत बसत नसे. पाणी माती न्यायला लागलं की ती बांधावर उभी राहून बघायची आणि म्हणायची, "ने बाबा." रागानं नाही. पाहुण्याला वाटेचं बांधून द्यावं, तसं. आणि पाऊस ओसरला की पुन्हा पाटी.

किती पावसाळे असे गेले यावर दोन मतं आहेत. एक पावसाळा मात्र असा आला की उधाणाच्या दिवशी दोघं नेहमीप्रमाणे बांधावर जाऊन उभी राहिली, आणि लाट येईना.

म्हणजे पाणी चढत होतं. पण ज्या लाटेनं दर वर्षी बांधाला धडक दिली ती दूरच, खाडीच्या मध्यावर, काहीतरी अडल्यासारखी फुटत होती. जिथे आजवर कधी फेस दिसला नव्हता, तिथे एक पांढरी रेघ होती. बांधापर्यंत आलं ते मुकाट पाणी. सोमानं हात डोळ्यांवर धरून बघितलं. "थय काय आसा?" तो म्हणाला. आवडीला ठाऊक नव्हतं.

पाऊस सरला. आश्विनातली मोठी सुकती आली. आवडी खिंडीतून खाली उतरली आणि गुडघाभर चिखलातून चालत त्या पांढऱ्या रेघेच्या जागी गेली. पाय अचानक घट्ट जमिनीला लागला. तिनं खाली बघितलं.

खाडीचा गाळ काळा असतो. तुम्ही आत्ता बघताच आहात. तिच्या पायाखालची माती तांबडी होती.

तिनं वाकून मूठभर उचलली. ही माती तिच्या हातांनी खणलेली, तिच्या डोक्यावरून आलेली. इतक्या वर्षांत तिच्या केसांतून ती कधी गेलीच नव्हती, तिला ओळखायला वेळ लागला नाही. ती इकडून तिकडे चालत गेली. कातळापासून घाटासमोरपर्यंत, वाकड्या विळ्यासारखा एक लांबच लांब मातीचा वरवंडा. मधे मधे सोमानं तासलेले खुंट आडवेतिडवे रुतलेले, त्यांच्या आधारानं माती थांबलेली. आणि त्या सबंध मातीवर, भाताच्या रोपासारखी दाट, दोन दोन पानांची तिवराची रोपं उभी होती. ती कुणी लावली नव्हती.

आवडी तिथेच चिखलात बसली. जी पाटी वाया गेली म्हणून ती रडली होती, जो उन्हाळा पाण्यात गेला म्हणून ती गाठोडं बांधून निघाली होती, तो सगळा तिच्यासमोर होता. तिनं बांधावर ओतलं होतं, आणि देवानं ते उचलून जिथे खरी गरज होती तिथे नेऊन ठेवलं होतं. कडेला नव्हे, लाटेच्या वाटेत. तिथे तिचा हात कधीच पोचला नसता.

भरती लागायला आली तेव्हा ती परतली. सोमा बांधावर वाट बघत होता. तिनं मूठ उघडून त्याच्या पुढ्यात धरली.

"बाबानु, आपली माती."

सोमानं ती बोटांनी कुस्करली, नाकाशी धरली. "सगळी?"

"सगळी," आवडी म्हणाली. "नेल्यान ता टाकूक नाय नेल्यान. पुढे ठेवल्यान."

पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी बुजवलेली खिंड टिकली. पाण्याला जोरच उरला नव्हता. उलट शांत पाण्याबरोबर आलेला गाळ आपोआप बांधाच्या पायाशी बसू लागला. पुढचा पाऊस खाचरांत पडला आणि खाचरांतच राहिला. त्यानं मीठ धुऊन काढलं. आवडीनं एका कोपऱ्यात खारेपणाला दाद न देणारं लाल भात टाकलं. पहिल्या वर्षी थोडं उगवलं, दुसऱ्या वर्षी कोपरा भरला, तिसऱ्या वर्षी वरच्या अंगाला जाणाऱ्या होडीवाल्यांना आडखारचं शेत हिरवं दिसलं. बातमी खाडीतून वर गेली.

पहिला परत आला तो बाबाजी गावकार. केस पिकलेले, बरोबर मुलं-नातवंडं. तो आवडीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आमी येव की नको, देवाक विचारूचा काय?"

"विचारा नको," आवडी म्हणाली. "पाटी घेवा."

बाबाजीनं पाटी घेतली. दोघं डोंगराकडे चालू लागली. वाटेत तो म्हणाला, "त्या दिसा मी तुका विचारलंय, देवाक आमचा काय लागता. तू काय बोलूक नाय."

"माका तेव्हा ठाऊक नव्हता."

"आता?"

 "आता पण नाय," आवडी म्हणाली. "मी फकत पाटी ओतलंय."

मागोमाग एकेक होडी लागली. पुनाजी गुरव आला, देवाला आंघोळ घातली, देऊळ शाकारलं. खांद्यावरच्या पाकळ्यांचं काय झालं, ते विचाराल. कुणी सांगतात, बाबाजीनं पहिली पाटी बांधावर टाकली त्या क्षणी दोन्ही एकदम गळाल्या. कुणी सांगतात, गुरव आंघोळ घालायला गेला तेव्हा त्या मुळी नव्हत्याच. खरं काय ते रवळनाथाला ठाऊक. सोमा भात घरात येईपर्यंत जगला, नव्या तांदळाची पेज प्यायला, आणि मग धाकूकडे गेला. आवडी खूप म्हातारी होऊन गेली. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळा गाव तिचं सुतक पाळून बसला. तिला अग्नी दिला तो बाबाजीच्या थोरल्या नातवानं.

आजही मार्गशीर्षात बांधाचं काम काढतो तेव्हा घरटी एक माणूस पाटी घेऊन येतं. मुंबईला गेलेलेसुद्धा रजा काढून येतात. पण पहिली पाटी बांधावर टाकत नाहीत. ती खाडीत ओततात, या वळणावर उभं राहून, जुव्याच्या दिशेनं. बाहेरच्या माणसाला ते वेडेपणाचं वाटतं, चांगली माती पाण्यात कशाला. आणि ती पाटी ओतायचा मान गावकाराचा नसतो, गुरवाचा नसतो. त्या वर्षी ज्या घरावर सगळ्यात कठीण दिवस आले, त्या घराचा असतो.

गेल्या वर्षी तो मान आमच्या घराला आला. का, ते सांगत बसत नाही. पाटी माझ्या बायकोनं उचलली. या इथे, तुम्ही उभे आहात तिथेच, ती उभी राहिली. हात काही केल्या सुटेनात. सबंध गाव मागे उभा होता, कुणी घाई केली नाही. मग तिनं पाटी कलती केली. पाणी क्षणभर तांबडं झालं आणि ते तांबडं हळूहळू जुव्याकडे निघालं. ती ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

मग तिनं पदर खोचला, डोंगराच्या कडेला गेली, पाटी पुन्हा भरून आणली, आणि ती बांधावर टाकली.